दोन हत्ती, एक क्रँक

बायकोला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं, त्या दिवशी मेहुण्याने मला पहिला प्रश्न विचारला तो स्कूटरचा.

"दाजी, ताईच्या गाडीची चावी कुठं असते?"

मला वाटलं, कुणाला तरी आणायला जायचं असेल. मी खुंटीकडे बोट दाखवलं. तो चावी घेऊन खाली गेला आणि थोड्या वेळाने येऊन माझ्या शेजारी टेकला. बोटांना ग्रीस लागलं होतं. ते रुमालाला पुसत माझ्या कानाशी म्हणाला, "चालू नाही केली हो, बरं दिसत नाही. नुसतं बोनेट काढून चाक हलवून पाहिलं. क्रँक ठणठणीत आहे."

आतल्या खोलीत बायका रडत होत्या. त्याची सख्खी बहीण तिथे जमिनीवर होती. तोही मग आत जाऊन रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. पण आधी क्रँक पाहून आला.

ज्यांना स्कूटरचं काही माहीत नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे कुणी कंपन्यांची नावं घेत नाही. हत्ती, राणी आणि चिमणी, एवढ्यावर सगळ्यांचं भागतं.

हत्ती म्हणजे जुनी, जाड पत्र्याची, हाताने गिअर टाकायची. भिंतीवर घातली तर भिंतीचं बघावं लागतं. पोचा पडला तर आतून हातोडी मारायची, झालं. पण हत्तीची कंपनी कधीच बुडाली. वायर, रबर, ब्रेक कुठेतरी जुळवून बसवता येतात. इंजिनाचा आतला भाग मात्र मिळत नाही, आणि इंजिन फिरवणारा क्रँकचा दांडा तर नाहीच. एक हत्ती चालता ठेवायचा तर दुसरा कुठेतरी मरावा लागतो.

राणी सगळ्यांत नवी. आवाज नाही, खड्डा कळत नाही, सीट अशी की माणसाला झोप लागावी. पण तिला हात लावायचा तो फक्त शोरूमवाल्यांनी. बाहेर कुणी उघडली की हमी संपली. सकाळी गाडी सोडायची, काचेच्या खोलीत टोकन घेऊन बसायचं, आणि दुपारी गळ्यात पट्टा घातलेला एक पोरगा येऊन सांगतो की आणखी एक भाग बदलावा लागेल. तो कुठला, हे त्यालाही ठाऊक नसतं.

चिमणी सगळ्यांत हलकी. अंग प्लास्टिकचं. शेळीने शिंग लावलं तरी तडा जातो. पण कोपऱ्याकोपऱ्यावर तिचे मेकॅनिक आहेत. आमच्या वाण्याकडे साबणाच्या शेजारी चिमणीचे ब्रेक टांगलेले असतात. पाच वर्षं मान खाली घालून चालते, मग एकदम म्हातारी होते.

सासऱ्यांनी दोन हत्ती एकाच दिवशी घेतले होते, एक मुलाला आणि एक मुलीला. कागद दोन्हींचे स्वतःच्या नावावर ठेवले आणि तसेच गेले. मेहुणा आपल्या हत्तीवरून दुकानांना अंडी पोचवतो. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून लॅबला आणायचे, हे तिचं काम. रक्त देणारी माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. उशीर झाला की ती काय बोलतील याचा नेम नाही. बायको म्हणायची, "माझ्यामुळे उशीर होईल, गाडीमुळे होणार नाही." झालाही नाही. दोन्ही हत्ती सारखेच जुने. पण तिने माणूस आणि डबा सोडून त्यावर काही लादलं नाही, आणि मेहुण्याने ट्रेवर ट्रे रचले. त्याचा क्रँक वाजायला लागला. तो गल्लीच्या तोंडाशी आला की आमच्या चौथ्या मजल्यावर ठकठक कळायची.

म्हणून त्याला तिचा हत्ती हवा होता. चालवायला नाही, फोडायला.

मला तो तसाच राहायला हवा होता. एवढीच गोष्ट आहे.

ती गेल्यावर मेहुणा दर रविवारी यायला लागला. जिवंत होती तेव्हा वर्षातून दोनदा यायचा. आता चहा घ्यायचा, बहिणीच्या फोटोकडे बघून सुस्कारा सोडायचा आणि विषय काढायचा.

"दाजी, पोरीला चिमणी घ्या. तुमच्या भल्याचं सांगतोय."

आमच्या मुलीने आईचंच काम धरलं होतं, त्याच लॅबमध्ये. तीही तिथेच होती, बादलीत कोमट पाण्यात पाय सोडून बसलेली.

"एवढी चांगली आहे तर तू का नाही घेत?" मी म्हणालो.

"माझ्या अंड्यांचं काय? चिमणीवर ट्रे रचले की तिचं पुढचं चाक आकाशाकडे बघतं."

"मग राणी घे."

"राणी!" तो मांडीवर थाप मारून हसला. "तिला वास चालत नाही दाजी. आमच्या ओळखीच्या एकाने तिच्यावरून मासळी नेली, तर शोरूमवाल्याने नाकाला रुमाल लावूनच गाडी आत घेतली आणि धुवून परत दिली. इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. नाही हो, ओझ्याला हत्तीच. आणि तुमचा हत्ती जिन्याखाली उभा राहून काय करतोय? मांजर व्यायली त्याच्याखाली."

"राहू दे."

"वडिलांनी गाड्या दोन घेतल्या, कारण पोरं दोन होती," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "आता पोर एकच आहे."

मी मुलीकडे पाहिलं. तिने पाय बादलीतून काढले, पुसले आणि आत गेली.

तिला मी चावी दिली नव्हती. कामावर लागली तेव्हाच तिने मागितली होती. मी म्हणालो, जुनी गाडी आहे, तुला गिअर जमायचे नाहीत. ती म्हणाली, शिकेन. मी म्हणालो, बघू. ती चालत जायची. रक्ताचा डबा खांद्याला लावून एका घरून दुसऱ्या घरी, आणि मग लॅब.

खरं कारण गिअर नव्हतं. बायको दवाखान्यात भरती झाली त्याच्या आदल्या दिवशी, पोटात कळा येत असताना, ती स्वतः पंपावर जाऊन टाकी भरून आली होती. "परत आल्यावर लगेच कामाला लागायचंय," म्हणाली. ती गेली, आणि घरातलं तिने भरलेलं एकेक संपत गेलं. पिठाचा डबा संपला, मग साखर, मग तेल. तिने आणलेला साबण झिजून पापडासारखा झाला आणि एक दिवस माझ्याच हातात तुटला. शेवटी उरलं ते टाकीतलं पेट्रोल. गाडी चालू केली की ते जळणार. म्हणून मी गाडी कुणालाच चालू करू दिली नाही. रोज सकाळी फडक्याने पुसायचो. टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचो आणि कामावर जायचो. मी छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर आहे. तिथे मला कुणी काही विचारत नाही.

मेहुण्याने ऐकायचं नाव घेतलं नाही. कागद वडिलांच्या नावावर आहेत, म्हणाला. आधी गोडीत, मग आवाज चढवून. शेवटी म्हणाला, "मिस्त्रीकडे चला. तो सांगेल ते मान्य."

मिस्त्री हत्तीवाल्यांचा. त्याचं गॅरेज असलेली गल्ली अशी की तिथे सगळे एकमेकांची गाडी आवाजावरून ओळखतात. अशी भांडणं त्याने पुष्कळ पाहिलेली. दोन भाऊ, दोन हत्ती, एक चांगलं इंजिन. सासरा आणि जावई, दोन हत्ती, एक गिअरबॉक्स. त्याने यावर एक नियम करून ठेवला होता आणि गल्लीत तो कोर्टासारखा चालायचा. दोन्ही गाड्या रात्रभर त्याच्या दारासमोर उघड्यावर उभ्या करायच्या. सकाळी इंजिन थंड असताना ज्याने त्याने आपापल्या गाडीला किक मारायची. ढकलायचं नाही, अवजाराला हात लावायचा नाही. जी आधी उठेल ती अख्खी राहणार. जी उठणार नाही ती तिथल्या तिथे उघडायची आणि तिचं काय हवं ते दुसऱ्याने न्यायचं.

"त्याच्या क्रँकला खडखड आहे, माझ्या गाडीचा ठणठणीत आहे," मी मिस्त्रीला म्हणालो. "मग ही कसली बरोबरी?"

"मग भिता कशाला?" मेहुणा म्हणाला.

मी हो म्हणालो.

मिस्त्रीने मला बाजूला घेतलं. "भाऊ, गाडी उभी आहे ना इतके महिने? टाकी रिकामी करा. टाकीखालच्या कॉकपासून सगळं धुवून काढा आणि नवं पेट्रोल टाका. बाकी काही करू नका. उठेल ती."

"करतो," मी म्हणालो.

मी प्लग बदलला. पॉइंट घासले, टायरमध्ये हवा भरली. मांजरीची पिल्लं खोक्यात घालून वरच्या जिन्यावर ठेवली. पेट्रोलला हात लावला नाही. मला वाटलं, उठली तर तिच्याच पेट्रोलवर उठावी. जिंकायचं ते तिनेच जिंकावं, असं काहीतरी डोक्यात होतं. चौथ्या मजल्यावर राहणारा छापखान्याचा माणूस मी, मला पेट्रोलचं काय कळतं. पण मिस्त्रीने सांगितलं होतं, म्हणजे कळत नव्हतं असंही नाही.

सकाळी गल्लीत कुस्ती असावी तशी माणसं जमली होती. पंक्चरवाला होता, सीट शिवणारा होता, चिमणीचे दोन मेकॅनिक मजा बघायला आले होते. मुलगी डबा खांद्याला लावून आली होती. तिला इथून पुढे कामावर जायचं होतं. मी तिला यायला सांगितलं नव्हतं.

मिस्त्रीने हात वर करून खाली केला.

मेहुण्याने पहिली किक मारली. काही नाही. मी मारली. काही नाही. त्याने दुसरी मारली, गाडी खोकली. तिसऱ्या किकला त्याचा हत्ती ठकठक करत उठला. आवाज असा, की डब्यात कुणी खिळे भरलेत. पण उठला.

मी मारत राहिलो. नियमाने माझी गाडी तेव्हाच हरली होती, पण मला कुणी थांबवलं नाही, कारण बघायला मजा येत होती.

"दाजी, हत्ती नाही उठत तर तुम्ही तरी बसा!"

"अंकुश लावा, अंकुश!"

"कानात सांगा त्याच्या, कोण मारतंय ते. बाईचा पाय ओळखतो तो."

हे शेवटचं सीट शिवणारा बोलला. सगळे हसले. मेहुणाही हसला. माझ्या पोटरीत पेटका आला तेव्हा मी गाडीला धरून उभा राहिलो.

मिस्त्रीने गाडी आत घेतली. उघडायच्या आधी टाकी रिकामी करावी लागते. त्याने कॉकची नळी काढून खाली डबा धरला. पेट्रोल पिवळसर तपकिरी आलं, चहा उकळून ठेवावा तसं. वासही पेट्रोलचा नव्हता, जुन्या रंगाच्या डब्याचा होता. मिस्त्रीने बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं. चिकट होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीचं?"

मी टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"भाऊ, मी काय सांगितलं होतं?"

"तिने भरलेलं आहे," मी म्हणालो.

मला वाटलं, आता मेहुणा काही बोलणार नाही. त्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलंही. मग त्याने चिमणीच्या मेकॅनिककडे पाहिलं, आणि ते आपल्याकडेच बघतायत हे त्याला दिसलं.

"ताईचं पेट्रोल!" तो म्हणाला. "अहो दाजी, मग ताईने टाकलेलं विरजणसुद्धा ठेवलंय की काय अजून? आणि तिने काढलेला केर? तोही जपून ठेवा एका डब्यात."

पुन्हा हशा झाला. पहिल्याइतका मोठा नाही, पण झाला.

"नवं पेट्रोल टाकून एकदा बघू," मी मिस्त्रीला म्हणालो. "एकच किक. गाडी चांगली आहे. तुम्हालाही माहीत आहे."

मिस्त्रीने मेहुण्याकडे पाहिलं. "तुमची हरकत नसेल तर माझी नाही."

"हरकत आहे," मेहुणा म्हणाला. "नियम म्हणजे नियम. उद्या मी हरलो असतो तर मला दिली असती का यांनी दुसरी किक?"

खरं होतं. दिली नसती.

मिस्त्री पाना हातात घेऊन उभाच राहिला. तेव्हा मुलगी पुढे आली. सगळ्यांना वाटलं, ही मामाला सुनावणार. मलाही वाटलं.

"उघडा," ती मिस्त्रीला म्हणाली.

"अगं," मी म्हणालो.

"उघडा काका. मला उशीर होतोय, पण उघडलेली बघूनच जाते." मग माझ्याकडे वळली. आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मला वाटायचं, तुम्हाला भीती वाटते. मी पडेन, मला लागेल, म्हणून चावी देत नाही. मी सगळ्यांना तसंच सांगितलं. बाबांना माझी काळजी आहे, म्हणून मी चालत येते. आणि तुम्ही पेट्रोल वाचवत होता."

"तसं नाही."

"मग कसं?"

मी सवयीने बाहीने सीट पुसायला लागलो.

"आई असती तर तिनेच काढून माझ्या हातात दिली असती," ती म्हणाली. "तिला गाड्या उभ्या केलेल्या आवडायच्या नाहीत. माणसंही."

मिस्त्रीने बोल्ट सैल केला. ती बघत उभी राहिली. इंजिन खाली उतरेपर्यंत हलली नाही. मग डब्याचा पट्टा नीट केला आणि गेली. मेहुण्याने तिला हाक मारली, "थांब गं, सोडतो तुला!" तिने मागे पाहिलं नाही.

मीही थांबलो. जायला हवं होतं, पण पाय निघेना. मिस्त्रीने इंजिनाचे दोन भाग वेगळे केले आणि आतला क्रँक उजेडाकडे धरून फिरवला. त्याला ओरखडा नव्हता. चिमणीचे मेकॅनिकसुद्धा वाकून बघायला लागले.

"अशी ठेवलेली गाडी मी पाहिली नाही," मिस्त्री म्हणाला. "वेळच्या वेळी तेल. कधी ताणली नाही. अजून वीस वर्षं गेली असती." मग त्याने डबा उचलला आणि त्यातलं पेट्रोल गल्लीच्या कडेला ओतून दिलं. "हे नसतं तर पहिल्या किकला उठली असती भाऊ. सांगून ठेवतो. मागाहून तुम्हाला दुसरं कुणी सांगण्यापेक्षा बरं."

त्याला वाटलं असेल, खरं सांगणं म्हणजे मान देणं. मेहुणा क्रँक फडक्यात गुंडाळत होता. म्हणाला, "गिअरपण द्या काढून. आणि कार्बोरेटर धुतला की तोही. स्टेपनी तर माझीच झाली."

उरला पत्रा. तो भंगारवाल्याला द्यायचा का, असं मिस्त्रीने विचारलं. मी हो म्हणालो. हँडल हवं का, म्हणाला. घरात हँडल घेऊन काय करणार? मी नको म्हणालो आणि चालत घरी आलो.

मुलीने चिमणी घेतली, लॅबच्या ओळखीने. मला विचारलं नाही. गाडी घराखाली आली तेव्हा दाखवलीही नाही. मीच खिडकीतून पाहिली. तिचं एकदा आरशाचं प्लास्टिक तुटलं, तर वाण्याकडून दुसरं आणून तिने स्वतःच बसवलं, जिन्यात बसून. मी म्हणालो, "चांगली आहे गाडी." ती म्हणाली, "गाडी आहे, बाबा. चांगली-बिंगली काही नाही. बिघडली की दुरुस्त होते, एवढं पुरे." ती माझ्याशी बोलते. जेवायला वाढते. तिचं काही चुकत नाही.

मेहुणा मधे बरेच दिवस आला नाही. काम झालं होतं, मग कशाला येईल? मग एका दुपारी मी आणि मुलगी घरात होतो. ती ओट्यापाशी भांडी लावत होती, मी पेपर घेऊन बसलो होतो. खाली गाडी वळली. गिअर उतरला, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि दारापाशी येऊन इंजिन तसंच फिरत राहिलं, न खोकता, एकसारखं.

मी पेपर टाकून दाराकडे निघालो होतो. कडी काढली तेव्हा कळलं की मी दार उघडतोय. मागे वळून पाहिलं तर मुलीने गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. आम्ही दोघे चहा घेत नाही त्या वेळी. तिची आई घ्यायची, कामावरून आल्या आल्या.

मुलीने गॅस बंद केला. खिडकीशी गेली आणि वाकून ओरडली, "मामा! इंजिन कोपऱ्यावर बंद करत जा आणि इथवर ढकलत आण!"

खालून मेहुणा म्हणाला, "अगं, अंड्याचं ओझं आहे! ढकलू कशी? का गं, काय झालं?"

"ढकलत आण सांगितलं ना!"

तो हसला. समजून हसला की न समजता, मला माहीत नाही. "ऐकलंस का? दाजींना सांग," तो ओरडला, "नवी कोरी वाजते! ताई आल्यासारखी!" आणि त्याने तिथेच उभं राहून मूठ पिळली. इंजिन वर चढलं, खाली आलं, पुन्हा वर चढलं. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

मुलीने खिडकी ओढून घेतली.

"राहू दे उघडी," मी म्हणालो.

तिने कडी लावली.